‘आधी कायदा वाचा’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा, २०२३ मधून सामान्य ग्राहकाच्या पदरात फारसे काही पडत नाही, या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे : ‘लेखकाने कायदा उघडूनही पाहिलेला नाही. २५० कोटींपर्यंतचा दंड दिसला नाही का? माहिती द्यायची नसेल त्याने ॲप वापरू नये.’ मतभेदाचे मला वावडे नाही. पण न वाचता लिहिल्याचा आरोप, आणि तोही टोपणनावाच्या आडून केलेला, मला मनापासून खटकला.

आपली माहिती वापरण्यास संमती घेण्यापूर्वी कंपनीने द्यायची सूचना मराठीसह राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय आपण निदर्शनास आणली आहे. ती स्वागतार्ह आहे आणि लेखात तिला अधिक जागा मिळायला हवी होती, हे मान्य.

आता वाचनाविषयी. एका वित्तसंस्थेच्या तक्रार विभागात माझी उमेदीची वर्षे गेली. कर्जाचा अर्ज भरताच अनोळखी एजंटांचे फोन सुरू झालेली माणसे समोर बसून विचारत, ‘आमचा नंबर यांना दिला कोणी?’ त्यांना सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नसे. म्हणूनच हा कायदा मी कलमागून कलम वाचला आणि माहिती सुरक्षित न ठेवणाऱ्या कंपनीला होणाऱ्या ज्या दंडाचा आपण हवाला देता तो जातो कुठे, हे शोधले. कलम ३४ नुसार ती सर्व रक्कम भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत, जमा होते; ज्याची माहिती फुटली त्याला तिच्यातला एक रुपयाही मिळत नाही. संवेदनशील वैयक्तिक माहितीबाबत कंपनीने हलगर्जीपणा केल्यास नुकसान झालेल्या व्यक्तीला भरपाईचा हक्क देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ४३अ वगळण्याची तरतूद नव्या कायद्याच्या कलम ४४ मध्ये आहे. शिवाय, खोटी किंवा क्षुल्लक तक्रार न करणे हे कलम १५ ने ग्राहकाचे कर्तव्य ठरवले असून त्याचा भंग झाल्यास त्यालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एवढे वाचूनही आपण २५० कोटींकडेच बोट दाखवणार असाल, तर वाचनाचा आग्रह आपण माझ्याकडे धरू नये.

ॲप न वापरण्याच्या सल्ल्याला उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही.

भरपाईच्या मुद्द्यावर आपले काही म्हणणे असेल तर कलमाच्या आधाराने अवश्य लिहा. माझ्या वाचनाची परीक्षा घेणाऱ्या प्रतिक्रियेला मी पुन्हा उत्तर देणार नाही.