नाव जुळत नाही, म्हणून प्रवेश अडला

बी.एस्सी. नर्सिंगसाठी भारतीय परिचर्या परिषदेच्या मूळ अटी सुटसुटीत आहेत: बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी, खुल्या गटासाठी किमान ४५ टक्के, प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षे पूर्ण आणि धडधाकट प्रकृती. माझी भाची या सगळ्यांत बसते. तरीही कागदपत्रांच्या पडताळणीत तिची फाइल बाजूला ठेवली गेली, कारण आधार कार्डावर तिच्या नावापुढे वडिलांचे नाव आणि मग आडनाव आहे, तर गुणपत्रिकेवर फक्त नाव आणि आडनाव.

इंदूरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांना हा त्रास नवा नाही. शाळेत, बँकेत, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक) काढताना, दर वेळी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. वडिलांचे नाव त्याच गुणपत्रिकेवर खालच्या ओळीत स्पष्ट छापलेले असते, आम्ही बोट ठेवून दाखवतोही, पण समोरचा माणूस मान वर न करता 'शपथपत्र आणा' एवढेच म्हणतो. मग स्टॅम्प पेपर, नोटरी, पुन्हा रांग, आणि तोवर शुल्क भरण्याची मुदत डोक्यावर येऊन ठेपते. याचा मला मनापासून संताप येतो. रुग्णसेवा करायची म्हणून बारावीत जीव तोडून अभ्यास केलेल्या मुलीची जागा अशा कारणाने धोक्यात का यावी? शपथपत्र हवेच असेल तर ते अर्ज भरतानाच मागा, पडताळणीच्या दिवशी नव्हे.