रेक म्हणा, रॅक नव्हे!

‘युरियाची रॅक लागली!’ आलाच पुन्हा तो निरोप. अहो, रॅक दुकानात असते, तिच्यावर डबे मांडतात! मालगाडीच्या एकत्र जोडलेल्या चाळीसेक वाघिणी म्हणजे रेक. सोलापुरात रेल्वेचं विभागीय कार्यालय आहे, आणि इथंच हा घोळ?

बरं, बागेसाठी रेक मागितला तर दुकानदार लोखंडी मांडणीचे भाव सांगतो. अरे बाबा, दाताळं दे! लांब दांडा, आडव्या पट्टीला दात, पाचोळा ओढायचं. आजीच्या परड्यात भिंतीला टेकून असायचं ते! पण दाताळं म्हणायची आता लाज वाटते सगळ्यांना. एमआयडीसीत लेथवरच्या पोराला विचारा, त्याच्या लेखी रेक म्हणजे हत्याराच्या धारेचा कोन. जुन्या इंग्रजी कादंबरीत रेक म्हणजे रंगेल, उधळ्या माणूस. फोनवरचं भाषांतर त्याचंही दाताळं करतं! मागचंपुढचं वाक्य वाचायला काय होतं?

इंग्रजीनं एका शब्दाला चार कामं दिली, देऊ द्या. आपल्याकडं तर प्रत्येकाला वेगळं नाव आहे! मग खरिपाच्या तोंडावर, ४५ किलोच्या एका गोणीसाठी उन्हात उभ्या शेतकऱ्याला ‘खताची मालगाडी आली’ एवढं सरळ सांगायला तोंड दुखतं का?