इन्स्टॉल झालंय म्हणे!

"दादा, जँगो इन्स्टॉल केलं, पण कमांडच सापडंना." (जँगो म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत वेबसाइट बनवायचं साधन.) सांगलीत रविवारी सकाळी माणसाने भडंग खात निवांत बसूच नये, असा काही नियम आहे का? महिन्यातला हा तिसरा फोन. आधी मावसभाऊ, मग त्याचा मित्र, आता त्या मित्राचा रूम पार्टनर.

अरे, पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणारं टूल, पिवळ्या अक्षरांत सांगतंय ना, की जँगो चालवायचं टूल, म्हणजे जँगो-अ‍ॅडमिन 'स्क्रिप्ट्स' फोल्डरमध्ये टाकलंय आणि तो फोल्डर पाथमध्ये, म्हणजे विंडोज जिथे कमांड शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, नाही! पण पिवळं दिसलं की खिडकी बंद करायची, ही आपली पद्धत. विंडोजवर पायथन बसवताना पहिल्याच पानावर, तळाशी, पाथची चौकट असते. तिच्यावर टिक करायला हात जड होतो. (ती आधीच टिक करून का देत नाहीत, हे मात्र मलाही कळत नाही.)

त्यात यूट्यूबवरचे जुने गुरुजी! शेवटी डॉट पीवाय असलेलं जँगो-अ‍ॅडमिन चालवायला लावतात. बाबांनो, ते जँगोच्या ३.१ आवृत्तीतच मोडीत काढलं आणि ४.० मध्ये गायब केलं, २०२१ साली! नसलेली फाइल शोधत पोरगं अख्खा सी ड्राइव्ह पालथा घालतं, चारदा अनइन्स्टॉल करतं आणि मग मला फोन. मग मी पाथ नसला तरी चालणारी कमांड सांगायची:

"पीवाय, स्पेस, मायनस एम, स्पेस, जँगो, स्पेस, स्टार्टप्रोजेक्ट..." इतक्यांदा बोललोय की आईला पाठ झालंय. आज तर तीच स्वयंपाकघरातून ओरडली, "मायनस एम घाल म्हणावं त्याला!"