फोटो १९२१ चे, म्हणून १९३३ ची उपासमार खोटी?

‘युक्रेनमध्ये १९३२-३३ साली लाखो माणसं उपासमारीने मेली ही थाप आहे. फिरणारे फोटो १९२१ चे आहेत. त्या काळची सोव्हिएत मासिकं बघा, सगळीकडे हसरे शेतकरी. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारानेही इन्कार केला होता. आकडे पाश्चात्त्यांनी रचले.’ हा मजकूर इतिहास शिकणाऱ्या माझ्या भाचीपर्यंत पोचला. ‘मावशी, फोटो खरंच १९२१ चे निघाले गं,’ असं तिने कळवलं, तेव्हा गप्प बसवेना.

फोटोंबद्दल एवढं कबूल करावंच लागतं की त्यातले बरेच १९२१-२२ च्या व्होल्गाकाठच्या दुष्काळातले आहेत. पण ते इतके मुबलक का आहेत? कारण तेव्हा सोव्हिएत सरकारने जगाकडे मदत मागितली होती. रशियन लेखक गॉर्कीने आवाहन केलं, अमेरिकेहून धान्य आलं, नॉर्वेच्या नान्सेन या संशोधक-प्रवाशाने चित्रं दाखवून पैसे गोळा केले. १९३३ मध्ये सरकारने उपासमारच नाकारली आणि परदेशी बातमीदारांना त्या भागात जायला बंदी घातली. मग फोटो काढणार कोण?

तरीही काढले गेले. व्हीनरबेर्गर या ऑस्ट्रियन अभियंत्याने खार्किवच्या रस्त्यांवर पडलेली माणसं चोरून टिपली. आणि युक्रेनमधल्या बातुरिन गावच्या मिकोला बोकान या फोटोग्राफरने स्वतःच्या घरातलीच उपासमार टिपली. एप्रिल १९३३ मधल्या एका फोटोत त्याचं कुटुंब जेवायला बसलंय, आणि त्यावर त्याने लिहून ठेवलंय की भाकरीच्या तुकड्याविना हा तीनशेवा दिवस. त्याच उन्हाळ्यात त्याचा एक मुलगा गेला. पुढे बोकानला अटक झाली, छावणीत धाडलं. हे फोटो मिळाले ते कुठल्या पाश्चात्त्य कचेरीत नाही, सोव्हिएत गुप्त पोलिसांच्याच फायलीत! पुरावा म्हणून जप्त केलेला फोटो बनावट कसा असेल?

हसऱ्या शेतकऱ्यांच्या मासिकांचं काय सांगावं? ‘यूएसएसआर इन कन्स्ट्रक्शन’ या सोव्हिएत प्रचार-मासिकाच्या डिसेंबर १९३३ च्या अंकात रोदचेंको या फोटोग्राफरने टिपलेला बेलोमोर, म्हणजे श्वेत समुद्राला जोडणारा कालवा आहे. अंकाची मांडणी अप्रतिम आहे, मी ती आजही बघत बसते. पण तो कालवा कैद्यांकडून खोदून घेतला होता आणि तिथे हजारो मेले. ते अंकात दिसत नाही. सरकारी मासिकात प्रेतं नाहीत म्हणून कुणी मेलंच नाही, असं म्हणणाऱ्याला काय म्हणावं!

राहिला तो न्यूयॉर्क टाइम्सचा बातमीदार, वॉल्टर ड्युरांटी. १९३३ मध्ये गॅरेथ जोन्स हा ब्रिटिश पत्रकार युक्रेनच्या गावांतून पायी फिरून आला आणि त्याने उपासमारीची बातमी दिली. ड्युरांटीने ती मॉस्कोतून खोडली. त्याच वर्षी त्याने ब्रिटिश वकिलातीत मात्र एक कोटीपर्यंत माणसं दगावली असतील, असं खासगीत सांगितलं. पीक कमी आलं होतं, हेही खरं. पण धान्याची निर्यात चालूच राहिली, आणि जानेवारी १९३३ मध्ये उपाशी शेतकऱ्यांना युक्रेन सोडून जायलाही मनाई झाली.

आणि आकडे? जानेवारी १९३४ मध्ये स्टालिनने साऱ्या सोव्हिएत संघाची लोकसंख्या १६ कोटी ८० लाख सांगितली होती. तीन वर्षांनी, १९३७ च्या जनगणनेत, ती सुमारे १६ कोटी २० लाखच भरली. ही मोजणी सोव्हिएत सरकारचीच होती. सरकारने ती रद्द केली, निकाल दडपले आणि मोजणाऱ्या प्रमुख अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या.