'कातळकडा' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: चाकू, कोयता आणि आमची तथाकथित बाल्कनी

कातळकडा साहेब, नमस्कार.

फिक्स्ड ब्लेड, म्हणजे न मिटणाऱ्या पात्याच्या, चाकूवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. उत्तर खाली देऊ लागलो तर ते वाढतच गेलं, म्हणून इथे वेगळं लिहितोय. ज्यांच्या नजरेतून ती प्रतिक्रिया सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साहेबांची सुरुवातच अशी: "मुंबईच्या बाल्कनीत बसून सर्व्हायव्हल शिकवणाऱ्यांनी आधी कोयता धरायला शिकावं." पुढे मुद्दे असे की, चाचणी एप्रिलमध्ये वाळक्या लाकडावर घेतली, पावसात घेतलीच नाही, कार्बन स्टील आपल्या हवेत गंजून जातं, म्यानात चाकू खडखडतो ते लिहिलं नाही, आणि असलं हत्यार लोकलमधून नेणं बेकायदा आहे.

म्यानाचं आधी मिटवतो. बरोबर आहे तुमचं. चालताना खडखड होते आणि मी ते लिहिलं नाही. मान्य.

आता बाल्कनी.

अहो, दहिसरच्या वन बीएचकेला बाल्कनी असती तर मी तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर देत बसलो असतो का, तिथे खुर्ची टाकून चहा पीत बसलो असतो! फोटोत दिसते ती खिडकीची ग्रिल आहे. तीत एक तुळस, दोन बादल्या आणि वाळत घातलेले कपडे असतात. चाकूला लिंबू चोळून तो रात्रभर तिथे ठेवला, कारण घरात लोखंडाचा वास येतो म्हणून बायकोने बाहेर काढला. तो प्रयोग पात्यावर गडद करडा थर आणण्यासाठी होता. आंबटाने असा थर धरला की तांबडा गंज जरा थोपतो. लेखात तो एका परिच्छेदापुरता आहे. बाकी लेख कर्जतजवळ मित्राच्या शेतावर केलेल्या कामाचा आहे, हे तुम्ही वाचलं असेलच. की फोटो बघून थांबलात?

मुंबईत राहणाऱ्याला रानातलं काही कळत नाही, हा तुमचा मूळ सूर. तो मला नवीन नाही. ट्रेकला गेलं की पायथ्याच्या गावातला कुणीही असं कधी बोलत नाही, उलट पाणी कुठे मिळेल ते सांगतो. बोलतात ते तुमच्यासारखे, ज्यांनी एका टोपणनावामागे अख्खा सह्याद्री आपल्या नावावर करून घेतलाय.

बाहेरचा आहेच मी, पण कुठून आलोय तेही ऐका. वडील लालबागच्या एका गिरणीत फिटर होते. 1982 च्या संपानंतर गिरणी सुटली, हातातलं काम मात्र सुटलं नाही. चाळीतल्या सगळ्या विळ्या आमच्या दारात धारेला यायच्या. धार लागली की नाही हे ते अंगठ्याच्या नखावर बघायचे. पातं नखावर अलगद टेकवायचं, दाबायचं नाही. घसरलं तर बोथट, अडकलं तर झालं. मी आजही तसंच बघतो. त्यासाठी लागणारा दगड कुठल्या दुकानात मिळतो हे विचारायला मला कुणाच्या ब्लॉगवर जावं लागलं नाही. रात्रीची शेवटची कसारा लोकल पकडून फलाटावर पथारी पसरणं आणि पहाटेच्या जीपमध्ये कोंबून रतनवाडी गाठणं कॉलेजपासून चालू आहे. हरिश्चंद्रगडावर जुलैच्या पावसात सगळ्यांच्या काडेपेट्यांचा लगदा झाला, तेव्हा पाचनईच्या मामांनी कमरेच्या आकडीतून कोयता काढला, वाळक्या फांदीची भिजलेली साल उडवली आणि आतलं कोरडं लाकूड काढून चूल पेटवली. कोयता काय चीज आहे हे मी तिथे बघितलंय. तुम्ही सांगायची गरज नव्हती.

आणि म्हणूनच सांगतो, कोयता आणि चाकू यांची तुलना लावून तुम्ही दोघांवर अन्याय केलात. कोयत्याचं वजन पुढे असतं आणि टोक आत वळलेलं. तो झेपावतो. बांबू तोडा, कारवी सपासप उडवा, झुडपं साफ करा, तिथे चाकू त्याच्या आसपासही येणार नाही, आणि येतो असं मी एका ओळीतही लिहिलेलं नाही. पण त्याच कोयत्याने खुंट्याला खाच पाडा. दोरी कापा, मासा साफ करा, कांदा चिरा. नाही होत असं नाही, पण करणाऱ्याची बोटं मोजून घ्यावी लागतात. पाच इंची सरळ पात्याचा चाकू या कामांसाठी असतो. स्वीडनच्या मोरा गावात चाकू घडवण्याची परंपरा आहे, तिथले साधे चाकू पातळ पात्याचेच असतात, त्यांनी कुणी झाडं पाडत नाही. मुद्दा हत्यार देशी की परदेशी हा नाहीच.

चाकूने लाकूड फोडायचं ते घाव घालून नाही. मनगटाएवढा ओंडका उभा करायचा, पातं वर आडवं ठेवायचं आणि पाठीवर दुसऱ्या दांडक्याने ठोकायचं. पातं आत बुडालं की बाहेर राहिलेल्या टोकावर ठोकत जायचं. कर्जतला सुबाभळीचा ओंडका असा सरळ दुभंगला, पण दुसऱ्याच्या पोटात गाठ निघाली आणि चाकू तिथे रुतून बसला. ओढून निघेना. शेवटी शेजारी लाकडाची पाचर ठोकली, भेग रुंदावली, तेव्हा सुटला. असं ठोकताना पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असेल, म्हणजे फुल टँग, तर मूठ फुटली तरी चाकू हातात राहतो. लेखात मी पाठीच्या काटकोनी कडेबद्दलही लिहिलं होतं. फेरो रॉडवर, म्हणजे आग पेटवायच्या धातूच्या कांडीवर, ठिणग्या पाडायला तीच कड लागते, गोलसर पाठ नुसती घसरते. यातल्या एकाही गोष्टीला तुम्ही हात लावला नाहीत. बाल्कनी मात्र सापडली.

पावसात चाचणी घेतली नाही, हे खरं. वाळक्या लाकडावर पद्धत कळते, ओल्यावर ती बदलत नाही. पावसाळ्यात जमलं तर बघू. याहून जास्त त्यात काही नाही.

गंजाचं. हा चाकू ज्याचा आहे त्या 1095 या पोलादात कार्बन साधारण 0.95 टक्के असतो आणि क्रोमियम जवळपास नसतं. स्टेनलेस म्हणवून घ्यायला किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं. तेव्हा हो, गंजतो. आमच्या खाडीच्या हवेत तर पुसून ठेवला नाही तर दुसऱ्या दिवशी ठिपके दिसतात. काम झालं की कोरडा पुसायचा आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. हे लेखात होतं. पण गंमत बघा, साहेब. तुमच्या गावचा लोहार कोयता कशाचा घडवतो? बहुतेक ट्रकच्या कमानपाट्याचा. म्हणजे तोही गंजणाराच. फरक इतकाच की तो रोज वापरात असतो, म्हणून गंज दिसत नाही. मग चाकूला जो दोष तो कोयत्याला गुण कसा झाला, हे मला समजावून सांगा. धारेत फरक आहे तो वेगळाच: कोयत्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, सहसा मऊ ठेवतात, धार दुमडली तर कानस फिरवून दोन मिनिटांत सरळ. चाकूचं पातं जास्त कडक, त्याला कानस सहज लागत नाही, दगडावर वेळ द्यावा लागतो. हा आक्षेप तुम्ही घेतला असता तर मी मान डोलावली असती.

कायद्याचं एका दमात सांगतो. 2016 च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, घरगुती आणि शेतीची अवजारं सोडून. हा चाकू पाच इंची. (तुमचा कोयता शेतीच्या सवलतीत बसतो, अभिनंदन.) मुंबईत महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात, ते बघावेच लागतात. चाकू कमरेला लावून मी दादरच्या पुलावर फिरत नाही; तो म्यानात, कापडात गुंडाळून, सॅकच्या तळाशी, कपड्यांच्या खाली असतो. राष्ट्रीय उद्यानात तर मी काडीसुद्धा तोडत नाही. म्हणून तर कर्जतपर्यंत गेलो, नाहीतर बोरिवली मला रिक्षाच्या अंतरावर आहे.

शेवटी तुम्ही लिहिलंत, "या कधी मुरबाडला, दाखवतो." आमंत्रण असेल तर आनंदाने येईन. धमकी असेल तर तारीख कळवा, तरीही येईन. कोयता तुमचा, लाकूड तुम्हीच निवडा, ओलं का असेना. मात्र पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने द्या. ती मी जशीच्या तशी छापेन, बाल्कनीसकट.

ता. क. कातड्याचं म्यान घ्यावं का, असं दुसऱ्या एका वाचकांनी विचारलंय, अगदी सभ्य भाषेत. दिसायला छान असतं, पण पावसाळ्यात कातडं ओल धरून ठेवतं आणि पातं आतल्या आत खराब होतं. म्यान कातड्याचं असेल तर चाकू घरी त्यात ठेवू नका. तेल लावून, कोरड्या कापडात गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर ठेवा, आणि घरात लहान मूल असेल तर कुलपात.