मेमरी वॉल म्हणे!

आज लोअर परळच्या एका टॉवरमध्ये कागद द्यायला गेले होते. लॉबीत भिंतभर गिरणीचा फोटो. साच्यांची (कापड विणायच्या मागांची) रांग, एक पाठमोरा कामगार आणि खाली पितळी अक्षरांत 'मेमरी वॉल'. मागे मंद आवाजात पियानो. पियानो!

माझे बाबा साचेखात्यात होते. तिथे शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागायचं, म्हणून ते जन्मभर ओरडूनच बोलले. माझं कौतुकसुद्धा वरच्या पट्टीत.

२०१९ च्या शेवटी एनजीएमएला, म्हणजे फोर्टमधल्या सरकारी कलादालनात, चित्रकार सुधीर पटवर्धनांचं मोठं प्रदर्शन लागलं, तेव्हा बाबांना नेलं होतं. सगळं चिडीचूप. आणि बाबा एका चित्राला नाक लावून ओरडतायत, "अगं, ह्यानं माणसं गाडी पकडताना बघितलीयत!" गार्ड धावत आला. "काका, हळू. आणि जरा मागे व्हा."

पटवर्धन मूळचे पुण्याचे, १९७५ पासून तीस वर्षं ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट. (एक्स-रेची उपमा सगळ्यांनी वापरून झालीय, मी नाही वापरत.) इराणी हॉटेलात बसलेला माणूस, लोकल, पूल, उल्हासनगर हे सगळं त्यांनी रंगवलं. २००१ साली 'लोअर परळ' केलं, म्हणजे हाच भाग, जिथे आज मी पियानो ऐकत उभी होते. त्यांच्या चित्रांत इमारती माणसांच्या उरावर येतात, पण माणूस पाठमोरा असला तरी त्याच्या खांद्यावरून कळतं की पाळी संपवून आलाय. बाबांना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या खांद्याला हात लावून दाखवलं.

लॉबीतल्या माणसाचं नाव विचारलं. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "मॅम, ते प्रिंट मागवलंय." बरोबर आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तो माणूस परत कामावर गेला का, हे प्रिंट मागवणाऱ्याला काय करायचंय? जमीन घेतली, चिमणी फ्रेम करून घेतली. हिशोब पूर्ण.

हो, माहितीये. चाळीत संडासाला रांग होती, पावसाळ्यात गळायचं. लिफ्ट मलाही आवडते. आणि पटवर्धनांची चित्रंही शेवटी पैसेवाल्यांच्याच घरी लागतात, तेही मान्य. पुढे?

एनजीएमएतला तो गार्ड मात्र पाच मिनिटांनी परत आला होता. बाबांना दुसऱ्या चित्राकडे घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "काका, हे बघा. आमच्या स्टेशनसारखंच आहे की नाही?" बाबा पुन्हा ओरडले. ह्या वेळी त्याने थांबवलं नाही.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. घरात अजूनही फार शांत वाटतं.

आज मी फोटोच्या जवळ गेले, चष्मा वर करून त्या पाठमोऱ्या माणसाचे खांदे बघत होते, तर मागून आवाज, "मॅडम, कुठल्या मजल्यावर?"

कुठल्याच नाही, बाबा. तेवढा पियानो बंद कर.