जिनिव्हातून : आंतरराष्ट्रीय संबंध शिकावेत, पण केव्हा?

आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात परदेशी जाऊन पदव्युत्तर शिक्षण घ्यावे का, यावर आपल्याकडे जी चर्चा चालते, ती इथे जिनिव्हात बसून वाचताना मला काळजी वाटते. एका बाजूचे म्हणणे असे की ही पदवी म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या नोकरीचे दार. दुसरी बाजू सांगते की परराष्ट्र सेवेत जायचे तर लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावीच लागते आणि तिला कोणत्याही शाखेची पदवी चालते. मग हा खर्च कशासाठी? दोन्ही बाजूंना पदवीत नोकरीखेरीज काही दिसत नाही, आणि माझ्या मते चूक तिथेच होते.

नोकरीचे वास्तव कडक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातील इंटर्नशिप बिनपगारी असते. यंग प्रोफेशनल्स प्रोग्राम या तरुणांच्या भरती परीक्षेला ३२ वर्षांची वयोमर्यादा आहे, आणि सचिवालयात ज्या देशांची माणसे नाहीत किंवा कमी आहेत, त्यांच्याच नागरिकांना तो खुला असतो. ती यादी दरवर्षी बदलते. ज्युनिअर प्रोफेशनल ऑफिसर, म्हणजे तिथल्या कनिष्ठ अधिकाऱ्याच्या ठरावीक मुदतीच्या जागेचा खर्च देणगीदार सरकारे उचलतात आणि बहुतेक वेळा आपल्याच नागरिकांना पाठवतात. त्यातच १ जुलै २०२५ रोजी इतर देशांना मदत देणारी अमेरिकेची यूएसएड ही सरकारी संस्था बंद झाली. तिच्या निधीवर चालणाऱ्या संस्थांनी माणसे कमी केली, आणि वीस-वीस वर्षांचा अनुभव असलेले लोक आता नवख्यांच्या बरोबरीने अर्ज भरताना मी पाहतो आहे.

तरीही हे शिक्षण व्यर्थ आहे असे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण वर्गातली एक दुपार आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत, अगदी शेवटच्या बैठकीत, कोळशापासूनची वीज ‘फेज आउट’ करण्याऐवजी ‘फेज डाउन’ करावी, म्हणजे बंद न करता कमी करत न्यावी, असा बदल भारताच्या आग्रहाने झाला. आपल्याकडे कुणी त्याला विजय म्हटले, कुणी नामुष्की. आमच्या प्राध्यापकांनी दोन्ही मसुदे समोर ठेवले आणि बाजू वाटून दिल्या. भारताची बाजू प्रशांत महासागरातल्या एका बेटावरून आलेल्या माझ्या वर्गमैत्रिणीकडे गेली, तिच्या बेटाची माझ्याकडे. मसुद्यात कोळशाचे नाव आहे, पण श्रीमंत देश जे तेल आणि वायू जाळतात त्यांचे नाव नाही, हा मुद्दा तिने इतका नेमका मांडला की तो मलाही तसा कधी मांडता आला नसता. मला मात्र समुद्राची पातळी वाढताना त्या एका शब्दाकडे पाहणाऱ्यांच्या वतीने बोलायचे होते, आणि बोलता बोलता माझा आवाज कापरा झाला. मसुद्यातला शब्द कुणासाठी किती जड आहे हे ओळखणे, हेच या अभ्यासाचे काम. या विषयाचे पहिले अध्यासन १९१९ मध्ये वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ येथे स्थापन झाले तेही महायुद्धाच्या संहारानंतर, असा संहार पुन्हा होऊ नये या तळमळीने.

आणि हे फक्त परदेशातच शिकता येते असेही नाही. दिल्लीत १९५५ मध्ये सुरू झालेली आणि पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामील झालेली संस्था हा विषय कित्येक दशके शिकवत आली आहे.

म्हणून माझे मत असे आहे की पदवी हातात पडताच, मोठे कर्ज काढून, थेट इथे येऊ नये. पाणी, सार्वजनिक आरोग्य, व्यापार कायदा, सांख्यिकी यांपैकी एखाद्या क्षेत्रात आधी तीन-चार वर्षे काम करावे. इथल्या संस्था माणूस निवडताना त्याला नेमके काय येते हे विचारतात, आणि ‘जागतिक घडामोडींची जाण’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. अनुभव घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला वर्गातही प्रश्न वेगळे पडतात. धोरणाचा कागद गावापर्यंत पोहोचताना काय होते, हे त्याने पाहिलेले असते.

भाषेचेही तसेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाचे काम इंग्रजी आणि फ्रेंच या दोन भाषांत चालते. फ्रेंच मी इथे आल्यावर शिकायला घेतले. ते चार वर्षे आधी घेतले असते, तर पहिल्या वर्षी ज्या तीन जागांच्या जाहिराती मी नुसत्या वाचून बाजूला ठेवल्या, त्यांना अर्ज तरी करता आला असता.